खड्याभोवतीची लकाकी आणि कोरणीची टाच

हिऱ्याच्या अंगठीकडे भिंगातून पाहिले, तर खड्याच्या कडेने सोन्याची एक अरुंद पट्टी आरशासारखी लकाकताना दिसते. ही लकाकी पॉलिशच्या चाकावर आलेली असावी, असा बहुतेकांचा समज असतो. पण चाकाचा मऊ बुरूश त्या चिंचोळ्या कोपऱ्यात नीट पोहोचत नाही आणि पोहोचलाच, तर तिथल्या रेखीव कडा गोलावून टाकतो. प्रत्यक्षात ती पट्टी खडा बसवणाऱ्या कारागिराने हातातल्या कोरणीने सलग एका रेट्यात कापलेली असते आणि कापताक्षणीच ती चकचकीत निघते. मुंबईच्या झवेरी बाजारात काय किंवा अंधेरीच्या सीप्झमधल्या कारखान्यांत काय, या कामाला ‘ब्राइट कट’ म्हणतात. त्याचे निम्म्याहून अधिक श्रेय कोरणी कशी पाजळली आहे याला द्यावे लागते, असे माझे मत आहे.

कोरणी म्हणजे तळहातात मावणारी गोल मूठ बसवलेली, कठीण पोलादाची बारीक कांडी. तिचे टोक तिरके घासून जो उतार तयार होतो, त्याला आपण मुख म्हणू; कांडीच्या पोटाशी त्याचा कोन साधारण ४५ अंशांचा ठेवतात. एवढ्यावरच थांबले, तर कोरणी धातूवर जवळजवळ आडवी धरावी लागेल आणि मूठ व बोटे दागिन्यालाच अडतील. म्हणून टोकाच्या खालच्या बाजूला १५ ते २० अंशांचा आणखी एक अगदी छोटा उतार घासतात. ती कोरणीची टाच. टाच धातूवर टेकली की कांडी आपोआप तेवढ्या अंशांनी वर उचलली जाते.

धारेशी असलेल्या पाचरीचा खरा कोन या दोन्ही कोनांची बेरीज असतो, म्हणजे ४५ अंशांचे मुख आणि १५ अंशांची टाच असेल तर तो ६० अंश होतो. पाचर निमुळती केली तर कोरणी लोण्यासारखी चालते, पण तिचे टोक केव्हाही तुटते. जाड केली तर टोक टिकते, मात्र हाताला जास्त जोर लावावा लागतो आणि कापलेला धातू पुढे ढकलला जाऊन साचतो. निकेल मिसळलेल्या कठीण पांढऱ्या सोन्यावर काम करायचे असल्यास मुखाचा कोन ५० अंशांपर्यंत किंवा त्याहूनही वर नेतात. टाचेच्या लांबीचेही असेच आहे. सरळ पट्टी कापताना थोडी लांब टाच हात स्थिर ठेवते, परंतु वळणावर तिची मागची कड कापाच्या भिंतीला घासते आणि तिथे ओरखडा उठतो. म्हणून वळणदार कामासाठी टाच आखूडच हवी.

आता लकाकीकडे येऊ. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. पृष्ठभागावरचे उंचवटे आणि खळगे या लांबीच्या साधारण आठव्या भागापेक्षा, म्हणजे ढोबळमानाने ७० नॅनोमीटरपेक्षा कमी असले, तर प्रकाश विखुरला न जाता एकाच दिशेने परततो आणि आपल्याला आरसा दिसतो. कोरणीची धार म्हणजे मुख आणि टाच ही दोन प्रतले जिथे मिळतात ती रेषा. यांपैकी एकावरही ओरखडे राहिले असतील आणि ते धारेपर्यंत पोहोचत असतील, तर ती रेषा सूक्ष्म करवतीसारखी दातेरी होते आणि तिचा प्रत्येक दाता सोन्यात आपली स्वतंत्र रेघ ओढत जातो. सोने मऊ असल्याने ही नक्कल अगदी तंतोतंत उमटते. त्यातच मागून येणारी टाच ताज्या कापावर दाबून सरकते, त्यामुळे तिच्यावरचा प्रत्येक दोष दुसऱ्यांदा उमटण्याची सोय होते.

म्हणूनच घासण्याचे काम टप्प्याटप्प्याने चालते. आकार देण्यासाठी भरड चकती किंवा कुरुंदाच्या जातीचा कृत्रिम दगड, नंतर बारीक दगड आणि शेवटी सिरॅमिकच्या किंवा बिडाच्या सपाट चकतीवर अर्ध्या मायक्रॉनची हिऱ्याची पूड, असा क्रम असतो. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात सापडणारा, गारगोटीच्याच कुळातला अतिसूक्ष्म कणांचा दगड जुने कारागीर आजही तेल लावून वापरतात. टंगस्टन कार्बाइडच्या कोरणीपुढे मात्र त्याचे काही चालत नाही. तिला हिराच लागतो.

घासताना निर्माण होणारी उष्णता हा वेगळाच धोका आहे. फिरत्या चाकावर साध्या कार्बन पोलादाचे टोक तापले, की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि थराच्या जाडीनुसार रंग दिसतो: २२० अंश सेल्सिअसच्या आसपास गवती पिवळा, ३०० अंशांच्या सुमारास निळा. टोक निळे पडले म्हणजे त्याचे पाणी, म्हणजेच कठीणता, उतरले; तो भाग घासून टाकण्यावाचून गत्यंतर नाही. फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी विकसित केलेले हायस्पीड पोलाद १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात जगासमोर आले. त्यातल्या टंगस्टनमुळे हे पोलाद ५५० अंशांच्या आसपासही आपली कठीणता राखते. या पोलादाची कोरणी निळसर झाली म्हणून फेकून देणारे लोक विनाकारण नुकसान करून घेतात.

धार आली की नाही हे पाहण्यासाठी कोरणीचे टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवतात. ते घसरले तर बोथट, जागीच रुतले तर तयार. दुसरी खूण प्रकाशाची आहे. दिव्याखाली टोक फिरवताना धारेवर बारीकसा पांढरा ठिपका चमकला, तर तिथे धार गोलावली आहे असे समजावे. कारण गोल पृष्ठभागाचा कुठला ना कुठला भाग प्रकाश डोळ्यांकडे परतवतोच, आणि खऱ्या तीक्ष्ण धारेला प्रकाश परतवण्याइतकी रुंदीच नसते.

प्लॅटिनम हा या सगळ्याची कसोटी पाहणारा धातू. तो चिवट असून पोलादाला चिकटतो, त्यामुळे चांगली धारही लवकर मरते. त्यासाठी कोरणीचे टोक विंटरग्रीनच्या तेलात बुडवतात. अंगदुखीच्या मलमांना येणारा तो ओळखीचा वास याच तेलातल्या मिथाइल सॅलिसिलेटचा. धार गेली की बहुतेक वेळा फक्त मुख घासून भागते, पण मुख मागे सरकेल तशी टाच आखूड होत जाते, आणि काही पाजळण्यांनंतर ती नाहीशी होण्याआधी दोन्ही प्रतले पुन्हा पहिल्यापासून घासून, चमकवून घ्यावी लागतात.