संपीडित हवा प्रणाली : पायाभूत संज्ञा

कॉम्प्रेसर, कूलर, रिसीव्हर टाकी, ड्रायर, फिल्टर आणि पाइपलाइन मिळून संपीडित हवेची प्रणाली होते. कॅटलॉगमधला आकडा कोणत्या दाबाचा, कोणत्या तापमानाचा आणि कुठे मोजलेला, हे न पाहिल्यास यंत्राची निवड हमखास चुकते.

दाब : गेज दाखवतो तो वातावरणाच्या वरचा दाब. त्यात वातावरणाचा दाब मिळवला की निरपेक्ष दाब मिळतो. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला १.०१३ बार असतो, तर पुण्यासारख्या सुमारे ५६० मीटर उंचीवर ०.९५ बारच्या आसपास. त्यामुळे समुद्रसपाटीला ७ बार गेजचे संपीडन गुणोत्तर (बाहेर पडणाऱ्या हवेचा निरपेक्ष दाब भागिले आत शिरणाऱ्या हवेचा) ७ नसून जवळपास ८ असते. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). कारखान्यात नुसते ‘किलो’ म्हणतात तो किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.९८ बार. गरजेपेक्षा १ बार जास्त दाब ठेवला तर वीज ६ ते ७ टक्के जास्त लागते.

एफएडी (फ्री एअर डिलिव्हरी) : कॉम्प्रेसरने प्रत्यक्ष दिलेली हवा, आत शिरतानाच्या दाब-तापमानाला मोजलेली. एकक सीएफएम (घनफूट प्रति मिनिट) किंवा घनमीटर प्रति मिनिट (१ घनमीटर = ३५.३ घनफूट). पिस्टन कॉम्प्रेसर विकताना अनेकदा पिस्टनचे विस्थापन, म्हणजे पिस्टन मिनिटाला सिलिंडरमधली जेवढी जागा व्यापतो ती, सांगितले जाते. तो आकडा नेहमी मोठा असतो, कारण सिलिंडरच्या टोकाला उरलेली हवा, गरम होणारी आत येणारी हवा आणि व्हॉल्व्हची गळती यांत बराच वाटा जातो.

लोड-अनलोड : टाकीतला दाब वरच्या मर्यादेला पोचला की स्क्रू कॉम्प्रेसर अनलोड होतो, हवा देत नाही, पण मोटर फिरतच राहते. त्या वेळीही पूर्ण लोडच्या साधारण २५ ते ४० टक्के वीज जाते. गरजेपेक्षा मोठे यंत्र घेतल्याचा दंड इथे भरावा लागतो.

दाबाखालील दवबिंदू : वाहिनीतल्या दाबाला ज्या तापमानाखाली पाणी सुटू लागते ते तापमान. रेफ्रिजरेटेड ड्रायर साधारण ३ अंश सेल्सिअसपर्यंत नेतो. त्याखाली नेल्यास आतच बर्फ धरेल. उणे ४० हवे असेल तर शोषक ड्रायर लागतो. ७ बारला मोजलेला ३ अंश दवबिंदू वातावरणाच्या दाबाला उणे २० च्याही खाली जातो, म्हणून दोन ड्रायरची तुलना करताना दाब आधी विचारावा. पावसाळ्यात ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची १०० सीएफएम हवा ७ बारला दाबून ४० अंशांपर्यंत थंड केली, तर तासाला सुमारे ३ लिटर पाणी सुटते. ऑटो ड्रेन (साठलेले पाणी आपोआप बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) तुंबला की हेच पाणी पुढे सिलिंडर आणि व्हॉल्व्हपर्यंत पोचते.

गळती : ७ बारला ३ मिलिमीटरच्या भोकातून साधारण २० सीएफएमपेक्षा जास्त हवा जाते. मोजण्यासाठी हवा वापरणारी सगळी यंत्रे थांबवायची, लाइनचे व्हॉल्व्ह मात्र उघडे ठेवायचे आणि लोड व अनलोडच्या वेळा अनेक आवर्तनांत टिपायच्या. लोडची वेळ भागिले दोन्ही वेळांची बेरीज, गुणिले एफएडी, ही गळती. दीड मिनिट लोड आणि साडेचार मिनिटे अनलोड आले, तर क्षमतेची २५ टक्के हवा सांध्यांतून, होजमधून आणि क्विक कपलिंगमधून जात आहे.