शीत कोणत्या भांड्यातलं?

डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी, ईव्हीएमच्या निकालावर विश्वास नाही म्हणून, स्वतःच मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, बेत बारगळला. पण लग्नाच्या पंगतीत अजूनही वाद रंगतो तो एकाच प्रश्नावर: ईव्हीएम हॅक होतं की नाही? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. माणसाने बनवलेलं कुठलंही यंत्र चुकू शकतं. चुकलं तर आपल्याला कळेल का, हे विचारायला हवं.

आरएसए या माहिती गुप्त ठेवण्याच्या गाजलेल्या पद्धतीतला ‘आर’ म्हणजे रोनाल्ड रिव्हेस्ट. त्यांनी आणि जॉन वॅक यांनी नेमकी हीच कसोटी मांडली. सॉफ्टवेअरमधली गडबड, मुद्दाम केलेली असो वा नकळत झालेली, निकाल बदलून गुपचूप निसटता कामा नये. आपल्याकडे त्यासाठी व्हीव्हीपॅट आहे. बटण दाबलं की काचेआड चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि पेटीत पडते. मतमोजणीच्या दिवशी विधानसभेच्या प्रत्येक क्षेत्रातल्या ५ मतदान केंद्रांच्या चिठ्ठ्या हाताने मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये १ चे ५ केले. कोणती ५, हे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर ठरतं: केंद्रांचे क्रमांक लिहिलेली कार्डं चार घड्या घालून डब्यात टाकायची, डबा हलवायचा आणि एकेक उचलायचं.

पाच पुरेत का? शितावरून भाताची परीक्षा करताना आपण पातेलं केवढं आहे ते बघत नाही. मध्यातलं एक शीत चिमटीत दाबतो आणि झाकण ठेवतो. नमुना-शास्त्र हेच सांगतं. देशात दहा लाखांवर यंत्रं आहेत. त्यातली २ टक्के बिघडलेली असतील आणि आपण कुठलीही ४७९ उचलली, तर सगळी चांगलीच निघण्याची शक्यता ०.९८ ला ४७९ वेळा स्वतःनेच गुणल्यावर येते, म्हणजे ०.०००१ पेक्षाही कमी. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या तज्ज्ञांनी निवडणूक आयोगाला दिलेला ४७९ हा आकडा असाच आला, आणि गणित म्हणून तो चोख आहे.

फक्त त्यात अख्खा देश हे एक पातेलं धरलंय. निवडणुकीत प्रत्येक मतदारसंघाची चूल वेगळी असते, आणि बारामतीच्या शितावरून गडचिरोलीचा भात शिजला की नाही ते कळत नाही. महाराष्ट्रात विधानसभेच्या एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशे केंद्रं येतात. समजा, त्यातल्या ३५ यंत्रांत गडबड आहे, म्हणजे दहात एक. पाच उचलली तर पाचही चांगली निघण्याची शक्यता ५९ टक्के! नाणं उडवण्यापेक्षाही वाईट. ९९ टक्के खात्री हवी असेल तर सुमारे ४२ केंद्रं मोजावी लागतील.

गंमत अशी की हाच नियम लोकसभेला बराच बरा ठरतो. आपल्याकडे लोकसभेच्या एका मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं, म्हणजे ३० केंद्रं तपासली जातात. तिथे दहात एक यंत्र बिघडलेलं असेल तर ते नजरेतून सुटण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास. नियम एकच, पण पातेलं बदललं की अर्थ बदलतो.

आणि खरं तर ‘दहात एक’ हेही मी मनानेच धरलं. किती गडबड शोधायची ते मताधिक्याने ठरायला हवं. उमेदवार दीड लाखाने निवडून आला असेल तर निकाल फिरवायला ढीगभर यंत्रं बिघडावी लागतील, आणि ढीग थोड्या शितांतही सापडतो. २०२४ मध्ये मुंबई वायव्यचा निकाल ४८ मतांनी लागला. इतक्या मतांना एक यंत्र पुरतं, तिथे सगळ्याच चिठ्ठ्या मोजाव्यात.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१७ पासून अशीच मताधिक्य बघून पडताळणी होते. पद्धत बर्कलेचे संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांची. आधी सगळ्यांसमोर दहा बाजूंचे फासे टाकतात, त्या आकड्यांवरून मतपत्रिका निवडतात, आणि प्रत्येक मतपत्रिका यंत्राने तिची जी नोंद केली तिच्याशी ताडतात. चुकीचा निकाल निसटण्याची जोखीम ५ टक्के धरली आणि तफावत निघाली नाही, तर १० टक्के मताधिक्याला साठेक मतपत्रिका पुरतात, १ टक्क्याला सहाशेच्या आसपास. तफावत निघाली तर नमुना वाढवत न्यायचा, वेळ पडली तर सगळं मोजायचं. आपल्याकडे चिठ्ठ्या आणि यंत्राचा आकडा जुळला नाही तर चिठ्ठ्यांचा आकडा धरतात, पण त्या केंद्रापुरता.

मध्येच कोणीतरी ‘ब्लॉकचेन आणा’ म्हणतो, म्हणजे एकदा लिहिलं की खोडता न येणारी डिजिटल वही. उमेदवारी अर्ज मुहूर्त काढून भरण्याइतकाच त्याचा उपयोग. नोंदलेलं मत नंतर बदलता येणार नाही, मान्य. पण ते नोंदलं गेलं तेव्हाच चुकीचं असेल तर चूकच कायमची जपली जाईल.

या सगळ्या गणिताचा पाया मात्र त्या ७ सेकंदांवर आहे. मतदाराने चिठ्ठीकडे पाहिलंच नाही, तर पेटीतला कागदसुद्धा यंत्राचंच म्हणणं. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी एका नकली मतदानात छापील मतपत्रिकेवरचं एक मत मुद्दाम बदललं. छापून आलेला कागद तपासला सुमारे ४० टक्के लोकांनी, आणि केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला चूक सांगितली ६.६ टक्क्यांनी. आपल्याकडे चुकीची चिठ्ठी आली म्हणून तक्रार केली तर आधी लेखी निवेदन द्यावं लागतं, मग सर्वांसमोर चाचणी मत टाकावं लागतं, आणि त्यात चिठ्ठी बरोबर आली तर खोटं निवेदन दिलं म्हणून कारवाई होऊ शकते. मागे उन्हात रांग उभी असताना किती जण तोंड उघडतील?