नकाराधिकाराची पार्श्वभूमी

सुरक्षा परिषदेतला एखादा ठराव एकाच देशाच्या विरोधामुळे बारगळला की, पाच स्थायी सदस्यांचा (अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन) नकाराधिकार म्हणजे व्हेटो हा संयुक्त राष्ट्रसंघाच्या रचनेत राहून गेलेला दोष आहे, असे सर्रास म्हटले जाते. इतिहास पाहिला तर हे म्हणणे टिकत नाही. बड्या राष्ट्रांपैकी एखाद्याविरुद्ध परिषदेला कारवाई करताच येऊ नये, अशी तरतूद १९४५ मध्ये जाणूनबुजून केली गेली, आणि तिच्यामागे पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाचा कटू अनुभव होता.

अमेरिकेच्या सिनेटने व्हर्सायच्या तहाला मंजुरी नाकारल्यामुळे अमेरिका राष्ट्रसंघाची सदस्य कधी झालीच नाही. जपानने बळकावलेल्या चीनच्या मांचुरिया प्रांताच्या प्रश्नावर फेब्रुवारी १९३३ मध्ये जपानचे प्रतिनिधी सभागृहातून उठून गेले. अबिसिनियावर (आजचा इथिओपिया) चालून गेलेल्या इटलीवर निर्बंध लादले गेले. पण ज्या खनिज तेलावर तिचे रणगाडे आणि विमाने चालत होती, ते त्यांतून वगळले होते. फिनलंडवरील हल्ल्याबद्दल डिसेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत संघाला काढून टाकण्यात आले, तेव्हा युरोपात दुसरे महायुद्ध सुरूही झाले होते. बडी राष्ट्रे बाहेर राहिली तर संघटनेच्या ठरावांमागे बळच उरत नाही, हा धडा दुसरे महायुद्ध जिंकत आलेल्या मुत्सद्द्यांनी पुरता गिरवला होता.

१९४४ मध्ये वॉशिंग्टनमधील डंबार्टन ओक्स येथे नव्या संघटनेचा आराखडा तयार होत असताना एका मुद्द्यावर बोलणी अडली. स्वतः गुंतलेल्या वादात स्थायी सदस्याला मत देता यावे का? सोव्हिएत प्रतिनिधी आंद्रेई ग्रोमिको यांचा होकार ठाम होता. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी तोडगा मान्य केला. कामकाजाच्या प्रश्नांवर अकरापैकी कोणतीही सात मते पुरेशी ठरतील. इतर निर्णयांसाठी त्या सातांत पाचही स्थायी सदस्यांची संमती लागेल. आणि वादातील पक्षाने मतदानापासून दूर राहायचे ते फक्त शांततामय तडजोडीच्या टप्प्यावर, निर्बंध किंवा लष्करी कारवाईचा निर्णय घेताना नव्हे. हा हट्ट एकट्या स्टालिनचा होता, असे समजणे चूक आहे. व्हर्सायचा तह नाकारून सिनेटने तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांची केलेली गत रूझवेल्ट विसरले नव्हते, आणि आपल्या संमतीवाचून आपले सैन्य कुठे धाडले जाणार नाही, ही हमी अमेरिकेलाही हवी होती.

एप्रिल ते जून १९४५ या काळात सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या लहान आणि मध्यम राष्ट्रांना हे रुचले नाही. ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री हर्बर्ट एव्हॅट यांनी, निदान शांततामय तडजोडीच्या प्रश्नांवर तरी नकाराधिकार नको, अशी दुरुस्ती लावून धरली. त्यावर अमेरिकेचे सिनेटर टॉम कॉनली यांनी विरोधकांना सुनावले की, घरी जाऊन खुशाल सांगा, आम्ही नकाराधिकार हाणून पाडला. पण सनदही (संघटनेची घटनाही) आम्हीच फाडली, हेही सांगावे लागेल. आणि बोलता बोलता त्यांनी हातातला मसुदा सर्वांसमोर फाडला. दुरुस्ती फेटाळली गेली. त्या परिषदेत भारतही होता, मात्र पारतंत्र्यातला. रामस्वामी मुदलियार यांच्या शिष्टमंडळामागे ब्रिटिश सरकार उभे होते.

पुढे याच अधिकाराने स्वतंत्र भारताला मोलाचा आधार दिला, हे आपल्याकडच्या चर्चेत क्वचितच येते. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय फौजा गोव्यात शिरल्या असताना पोर्तुगालच्या तक्रारीवर परिषदेची बैठक भरली. तत्काळ युद्धबंदी आणि भारतीय सैन्याची माघार, अशी मागणी करणारा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मांडला. त्याच्या बाजूने सात आणि विरुद्ध चार मते पडली. श्रीलंका (तेव्हाचे सिलोन), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) भारताच्या पाठीशी उभे राहिले. तरीही ठराव संमत व्हायला सात मते पुरेशी होती, आणि तो पडला तो केवळ चौथे विरोधी मत सोव्हिएत संघाचे होते म्हणून. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी युद्धबंदीचे ठराव अडवण्यासाठी सोव्हिएत संघाने तीनदा नकाराधिकार वापरला. त्याच काळात सर्व सदस्य देशांच्या आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदीचे आवाहन केले होते. पण आमसभेचे आवाहन बंधनकारक नसते.

ही कोंडी फोडण्याचे प्रयत्नही झाले. जून १९५० मध्ये कोरियाविषयीचे ठराव संमत होऊ शकले, कारण चीनची जागा कोणत्या चिनी सरकारला द्यावी या वादावरून सोव्हिएत प्रतिनिधीने परिषदेवर बहिष्कार टाकला होता. तो परतल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरात, परिषद निष्क्रिय ठरल्यास आमसभेने शिफारस करावी, असा ठराव झाला. १९६५ पासून परिषद पंधरा सदस्यांची झाली आणि आवश्यक मते नऊ झाली, पण पाचांचा अधिकार तसाच राहिला. २०२२ पासून नकाराधिकार वापरला गेला की दहा कामकाजी दिवसांत आमसभेत त्यावर चर्चा घेतली जाते.

सनदेत दुरुस्ती करायची तर दोन-तृतीयांश सदस्यांबरोबर पाचही स्थायी सदस्यांचे अनुमोदन लागते. म्हणून २००५ मध्ये भारत, जर्मनी, जपान आणि ब्राझील यांनी स्थायी जागांसाठी ठराव मांडला तेव्हा, नव्या स्थायी सदस्यांनी पंधरा वर्षे नकाराधिकार वापरू नये, अशी अट त्यांनी स्वतःच त्यात घातली होती. तो ठराव मतदानापर्यंत पोहोचला नाही.