ॲशक्रॉफ्ट, डेम पेगी

(२२ डिसेंबर १९०७ – १४ जून १९९१). ब्रिटिश रंगभूमीवरील व पडद्यावरील श्रेष्ठ अभिनेत्री. पूर्ण नाव ईडिथ मार्गारेट एमिली ॲशक्रॉफ्ट. जन्म लंडनलगतच्या क्रॉयडन येथे. भारतीय प्रेक्षकांना त्या ठाऊक आहेत त्या प्रामुख्याने डेव्हिड लीन यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९८४) या चित्रपटातील मिसेस मूर म्हणून. या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले तेव्हा त्या ७७ वर्षांच्या होत्या. सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर इतक्या उतारवयात त्यांच्याआधी किंवा नंतर कोणालाही मिळालेले नाही. पण या ऑस्करआधीची जवळजवळ साठ वर्षे त्यांनी नाटकात घालवली होती, आणि त्यांची खरी थोरवी तिथेच आहे.

वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. सोळाव्या वर्षी पेगी यांनी एल्सी फोगर्टी यांच्या सेंट्रल स्कूल या नाट्यप्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला. लॉरेन्स ऑलिव्हिए तिथे त्यांचे सहाध्यायी होते. संस्थेचा भर वाणी व उच्चारांवर होता. त्या स्वतः मात्र रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लावस्कींच्या आत्मकथनाने भारावून गेल्या होत्या. एकाच चमूने वर्षानुवर्षे बरोबर राहून, बरोबर तालमी करून नाटक उभे करावे, हा विचार त्यांनी तिथून उचलला आणि तो कधी सोडला नाही. १९२६ मध्ये बर्मिंगहॅम रेपर्टरी थिएटरमध्ये रॅल्फ रिचर्डसन यांच्यासोबत त्यांनी व्यावसायिक पदार्पण केले.

१९३० मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमध्ये पॉल रोब्सन या अमेरिकन कृष्णवर्णीय कलावंताने शेक्सपिअरच्या नाटकातला ऑथेल्लो रंगवला आणि ॲशक्रॉफ्ट डेस्डिमोना झाल्या. गोऱ्या नटीने काळ्या नटाची पत्नी होऊन रंगमंचावर त्याचे चुंबन घ्यावे, हे त्या काळच्या लंडनमध्ये अनेकांना सहन झाले नाही आणि त्यांना द्वेषाने भरलेली पत्रे आली. वर्णद्वेष म्हणजे काय हे त्यांना प्रथम कळले ते या प्रयोगांत. सार्वजनिक प्रश्नांवर उघड भूमिका घेण्याची त्यांची पुढची सवय लक्षात घेता हा अनुभव त्यांच्या अभिनयाइतकाच महत्त्वाचा मानावा लागतो.

यानंतर १९३२-३३ च्या हंगामात लिलियन बेलिस यांच्या ओल्ड व्हिक थिएटरमध्ये त्यांनी शेक्सपिअरच्या नायिका एकामागून एक केल्या. १९३५ चा ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ हा त्या दशकातला गाजलेला प्रयोग. ऑलिव्हिए आणि दिग्दर्शक जॉन गिलगुड यांनी रोमिओ व मर्क्युशिओ या भूमिका काही आठवड्यांनी अदलाबदल करून केल्या. ज्युलिएट मात्र एकच होती. एक रोमिओ शारीरिक आवेगाचा, दुसरा काव्य तोलून बोलणारा. या दोन्ही टोकांशी जुळवून घेणारी ज्युलिएट उभी करण्याचे श्रेय त्या दोघांच्या तुलनेत नेहमीच झाकोळून जाते. १९३७-३८ मध्ये गिलगुड यांनी क्वीन्स थिएटरमध्ये ठरावीक नटसंच घेऊन चार नाटकांचा हंगाम केला, त्यातही त्या होत्या. गिलगुड, ऑलिव्हिए, रिचर्डसन यांच्या पंगतीत ज्या अभिनेत्रीचे नाव बरोबरीने घेतले जाते ती ॲशक्रॉफ्ट.

युद्धानंतर त्यांच्या भूमिकांना धार आली. टेरेन्स रॅटिगन यांच्या ‘द डीप ब्लू सी’ (१९५२) मधील, तरुण प्रियकरापायी प्रतिष्ठित संसार सोडून आलेली आणि आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेली हेस्टर कॉलियर करायला त्या आधी नाखूश होत्या. पुढे ती त्यांच्या सर्वोत्तम भूमिकांपैकी एक ठरली. १९५४ मधील इब्सेनच्या ‘हेडा गाब्लर’चे प्रयोग नॉर्वेतही झाले आणि तिथल्या राजाने त्यांना सुवर्णपदक दिले. १९५६ मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला, आणि त्याच वर्षी त्यांनी ब्रेख्तच्या ‘द गुड वुमन ऑफ सेझुआन’ या नाटकातील भल्या स्त्रीची भूमिका केली. मान्यता मिळाल्यावर सुरक्षित नाटकांत रमण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

पीटर हॉल यांनी १९६० च्या सुमारास शेक्सपिअरच्या जन्मगावच्या, स्ट्रॅटफर्डच्या नाट्यगृहाचे रूपांतर रॉयल शेक्सपिअर कंपनी या कायमस्वरूपी नाट्यसंस्थेत करायचे ठरवले, तेव्हा सुरुवातीलाच त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या नामवंतांत ॲशक्रॉफ्ट होत्या. नटांना काही वर्षांच्या कराराने बांधून घ्यायचे आणि मोठ्या-छोट्या भूमिका सर्वांनी करायच्या, ही योजना म्हणजे त्यांनी विद्यार्थिदशेत पाहिलेले स्वप्नच होते. या पर्वातील ‘द वॉर्स ऑफ द रोझेस’ (१९६३) हे त्यांच्या कारकिर्दीचे शिखर. शेक्सपिअरच्या ‘सहावा हेन्री’चे तीन भाग आणि ‘तिसरा रिचर्ड’ यांची जॉन बार्टन यांनी तीन नाटकांत नवी मांडणी केली होती. त्यातली राणी मार्गारेट पहिल्यांदा येते ती फ्रान्सची कोवळी राजकन्या म्हणून. मग ती कारस्थानी राणी होते, सेनापती होते, आणि शेवटी शाप देत फिरणारी म्हातारी होते. पन्नाशी उलटलेल्या ॲशक्रॉफ्ट यांनी हा सगळा प्रवास एकटीने पेलला. कैदी झालेला शत्रू यॉर्क याच्या डोक्यावर कागदी मुकुट ठेवून, त्याच्याच मुलाच्या रक्तात भिजवलेले कापड त्याला डोळे पुसायला देणारी मार्गारेट प्रेक्षकांना हादरवून गेली. एरवी मायाळू, सात्त्विक नायिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अभिनेत्रीने हे क्रौर्य दाखवले, म्हणून त्याचा परिणाम अधिक झाला. बेकेटच्या ‘हॅपी डेज’ (१९७५) मध्ये आधी कमरेपर्यंत आणि नंतर गळ्यापर्यंत मातीत गाडलेली विनी त्यांनी केली, त्या वेळी त्यांचे वय ६७ होते.

चित्रपटांत त्या तुरळकच दिसत. हिचकॉक यांच्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ (१९३५) मधील कुळवाड्याची दबलेली बायको थोडाच वेळ दिसते, तरी लक्षात राहते. भारताशी त्यांचा संबंध मर्चंट-आयव्हरी यांच्या, जोधपूरला चित्रित झालेल्या १९७८ मधील ‘हलाबलू ओव्हर जॉर्जी अँड बॉनीज पिक्चर्स’पासूनचा. मग आली ग्रॅनडा टेलिव्हिजनची, पॉल स्कॉट यांच्या कादंबऱ्यांवरची चौदा भागांची ‘द ज्युएल इन द क्राउन’ (१९८४) ही मालिका. त्यात त्यांनी केलेली बार्बी बॅचलर ही निवृत्त मिशनरी शिक्षिका सारखी बोलत राहते, गोऱ्यांच्या वसाहतीत कोणाला नकोशी असते, आणि आपल्या सेवेचा नक्की काय उपयोग झाला या प्रश्नाने हळूहळू खचते. मिसेस मूर हिच्या उलट, अबोल. मशिदीत डॉ. अझीझशी (व्हिक्टर बॅनर्जी) होणाऱ्या पहिल्या भेटीत ॲशक्रॉफ्ट जवळजवळ काहीच ‘करत’ नाहीत, फक्त ऐकतात. पण समोरच्या नटाचे ऐकणे ही नाट्यसंचात अंगवळणी पडलेली गोष्ट होती, आणि कॅमेऱ्याने ती अचूक टिपली. साम्राज्याच्या अस्तकाळातल्या या दोन वृद्ध इंग्रज स्त्रिया एकाच वर्षी पडद्यावर आल्या, तरी एकीत दुसरीची सावलीही दिसत नाही. बार्बीसाठी त्यांना बाफ्टाचा दूरचित्रवाणी पुरस्कार मिळाला. माझ्या मते बार्बी ही त्या दोघींतली अधिक अवघड भूमिका.

‘मॅडम सुझात्स्का’ (१९८८) मध्ये त्या होत्या, त्यात शबाना आझमीही होत्या. ‘शीज बीन अवे’ (१९८९) साठी व्हेनिसच्या महोत्सवातील अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना जेराल्डिन जेम्स यांच्यासह विभागून मिळाला.

तीनदा विवाह झाले आणि तिन्ही घटस्फोटात संपले. प्रकाशक रूपर्ट हार्ट-डेव्हिस, दिग्दर्शक थिओडोर कोमिसारजेव्हस्की आणि वकील जेरेमी हचिन्सन हे त्यांचे पती. हचिन्सन यांच्यापासून त्यांना दोन अपत्ये झाली. क्रॉयडनमध्ये १९६२ पासून त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. लंडन येथे त्यांचे निधन झाले.

रंगमंचावरच्या त्यांच्या बहुतेक भूमिकांचे चित्रण उपलब्ध नाही. ‘द वॉर्स ऑफ द रोझेस’ मात्र बीबीसीने स्ट्रॅटफर्डच्या नाट्यगृहातच चित्रित करून १९६५ मध्ये दाखवले, आणि ते चित्रण टिकून आहे. मिसेस मूर पाहून ज्यांना त्यांच्याविषयी कुतूहल वाटले त्यांनी पुढे हीच मार्गारेट पाहावी.