एकाकी ज्येष्ठांच्या गृहभेटी (नागपूर)

एकट्या राहणाऱ्या किंवा घरात माणसे असूनही एकाकी पडलेल्या वृद्धांकडे स्वयंसेवकाने ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, कोणताही मोबदला न घेता जाणे आणि त्यांच्याशी बोलत बसणे, असे या सेवेचे स्वरूप आहे. औषधपाणी, स्वयंपाक आणि शुश्रूषा ही कामे तिच्या कक्षेबाहेरची आहेत. ती आया, परिचारिका आणि डबेवाल्या बायका करतात. भेटीला येणारा माणूस गप्पा मारायला येतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. वाढदिवसाला शाल-श्रीफळ घेऊन येणारे शहरात पुष्कळ आहेत, पण दर बुधवारी साडेपाचला फाटकाची कडी वाजवणारा माणूस मिळणे कठीण.

या सेवेचे संघटित रूप युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर दिसू लागले. पॅरिसमध्ये आर्मां मार्किझे यांनी १९४६ मध्ये गरीब वृद्धांसाठी एक बंधुसंघ काढला. त्याचे स्वयंसेवक घरोघर गरम जेवण नेत आणि सोबत फुलेही देत. भाकरीच्या आधी फुले, असे त्यांचे ब्रीद होते. ब्रिटनमध्ये एस्थर रँट्झन यांनी २०१३ मध्ये ज्येष्ठांसाठी अहोरात्र चालणारी दूरध्वनी सेवा देशभर सुरू केली, आणि २०१८ मध्ये तेथील सरकारने एकाकीपणाचा प्रश्न एका मंत्र्याकडे सोपवला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १ ऑक्टोबर हा ज्येष्ठ नागरिक दिन म्हणून पाळण्याचे १९९० मध्ये ठरवले. नागपुरातही त्या दिवशी सत्कार समारंभ होतात. २ ऑक्टोबरला त्या सत्कारमूर्तींकडे कोण जाते, हा प्रश्न या नोंदीच्या विषयाला अधिक जवळचा आहे.

नागपूरची पार्श्वभूमी

नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची आणि नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. महालेखाकारांचे कार्यालय, रेल्वेची विभागीय कार्यालये, रिझर्व्ह बँक, विद्यापीठ, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, वेस्टर्न कोलफील्ड्स ही कोळसा कंपनी अशा संस्थांमुळे हे नोकरदारांचे आणि पुढे पेन्शनरांचे शहर झाले. १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासाने ले-आऊट पाडले. बाबू लोकांनी प्लॉट घेतले, कर्ज काढून तळमजला बांधला आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशातून मुलासाठी वरचा मजला चढवला. मुलगा अभियंता झाला आणि पुणे, बंगळुरू किंवा त्याहून दूर गेला. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, लक्ष्मीनगर, नरेंद्रनगर या भागांत अशी घरे गल्लोगल्ली आहेत: खाली आजी-आजोबा, वर कुलूप किंवा भाडेकरू. मोठ्या फ्लॅट स्कीममध्ये निदान चौकीदाराला माहीत असते की अमुक काकाजी दोन दिवस खाली उतरलेले नाहीत. स्वतंत्र घराच्या कंपाउंडमागे काय चालले आहे ते शेजाऱ्यालाही कळत नाही. नागपुरातला एकाकीपणा बाहेरून दिसत नाही, याचे हे एक मोठे कारण आहे.

तो फक्त बंगल्यांतच आहे असे मात्र नाही. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांत माणसे भरपूर असतात, पण जिने इतके उभे की वरच्या खोलीतली आजी वर्षानुवर्षे रस्त्यावर आलेली नसते. १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल ही कापड गिरणी बंद पडली, तिथल्या म्हाताऱ्या कामगारांची स्थिती आणखी वेगळी. कर्मचारी पेन्शन योजनेची (ईपीएस-९५) किमान पेन्शन महिन्याला १,००० रुपये. घर दोन खोल्यांचे. मुलगा-सून दिवसभर कामावर. अशा घरी सकाळी नऊ ते संध्याकाळी सातपर्यंत म्हातारा एकटाच असतो. भेट-सेवा चालवणारे बहुतेक जण सुशिक्षित वस्त्यांतले असल्याने त्यांची यादीही तिथलीच होते, आणि ही घरे यादीबाहेर राहतात. या सेवेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

वृद्धांच्या घरी जाण्याची रीत शहराला नवी नाही. दसऱ्याला सोने द्यायला लोक आधी वडीलधाऱ्यांकडे जातात आणि त्यांच्या पाया पडतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुले लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. त्यासाठी आजोबा आदल्या दिवशीच सुटे पैसे मोडून आणतात. या प्रथेत वृद्ध माणूस देणारा असतो, आणि आजच्या स्वयंसेवकाने तिच्यातून घ्यावे ते नेमके हेच. ज्याला दिवसभर कोणी काही मागत नाही, त्याच्याकडे काहीतरी मागायला जावे: पाटवडीच्या रश्श्याची कृती, रेल्वेतल्या बदल्यांचे किस्से, हार्मोनियमवरचा एखादा राग, जुन्या सीताबर्डीचा नकाशा.

कायदा आणि यंत्रणा

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा केंद्रीय कायदा २००७ चा. तो निर्वाह भत्त्यासाठी, आणि सांभाळण्याच्या अटीवर मुलांच्या नावे केलेली मालमत्ता परत मिळवण्यासाठी ओळखला जातो. त्याखालच्या नियमांमधला एक भाग मात्र फारसा कोणी वाचत नाही. केंद्राने राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श नियमांनुसार प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची अद्ययावत यादी ठेवायची आहे. पोलिसाने शक्यतो सामाजिक कार्यकर्ता किंवा स्वयंसेवक बरोबर घेऊन महिन्यातून किमान एकदा त्यांच्या घरी जायचे आहे. ठाणेनिहाय स्वयंसेवक समित्यांचीही तरतूद त्यांत आहे. महाराष्ट्राचे नियम २०१० चे आहेत. म्हणजे या भेटींना नियमांचा आधार आहे, आणि एखाद्या वस्तीतल्या मंडळाने ठाण्यात जाऊन यादी मागणे व सोबत येतो म्हणणे हा तिथल्या रहिवाशांचा हक्कच मानायला हवा.

शहरात मनुष्यबळ तीन ठिकाणांहून मिळू शकते. पहिले ठिकाण म्हणजे वस्त्यावस्त्यांतली ज्येष्ठ नागरिक मंडळे, जिथले साठ-पासष्टीचे धडधाकट सभासद पंच्याऐंशीच्या सभासदांकडे जाऊ शकतात. दुसरे, समाजकार्य महाविद्यालये. त्यांच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य असतेच. तिसरे, राष्ट्रीय सेवा योजना. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा करायची असते. यांपैकी पहिला गट सर्वांत टिकाऊ ठरतो. त्यांना परीक्षा नसते, आणि ऐकू कमी येणे म्हणजे काय हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

भेट कशी होते

पहिल्या वेळी ओळखीचा माणूस बरोबर असावा: मंडळाचा पदाधिकारी, शेजारी किंवा ठाण्यातला शिपाई. पुढचे काही आठवडे दोघांनी मिळून जाणे बरे. ओळखपत्र दाखवावे आणि भेटीची कल्पना परगावच्या मुलांना फोनवर द्यावी. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी अनोळखी तरुण येऊ लागला की मुलीच्या पोटात धस्स होते, आणि तिचे चुकत नाही.

बसायचे कुठे, इथून अनुभव कामी येतो. नागपुरात उन्हाळ्याचे चार महिने खोलीत कूलर घोंघावत असतो. कानयंत्र लावलेल्या माणसाला त्या आवाजात समोरच्याचे शब्द वेगळे कळतच नाहीत. यंत्र बोलण्याबरोबर पंख्याची घरघरही मोठी करून कानात ओतते. आजोबा मग नुसते मान हलवत राहतात, आणि भेटीला आलेल्याला वाटते, गप्पा छान रंगल्या. जाणता स्वयंसेवक आधी विचारून कूलर बंद करतो, खिडकीकडे पाठ करून न बसता उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असा समोर बसतो, म्हणजे ओठ दिसतात. आवाज चढवण्यापेक्षा सावकाश बोलतो. दहा मिनिटांनी खोली तापली की कूलर लावतो, पाच मिनिटे दोघेही गप्प बसतात, मग पुन्हा बंद. अशा गप्पांना वेळ लागतो, म्हणून भेट तासाभराची असावी.

चहाला नाही म्हणू नये. आजीने मुद्दाम केलेले पोहे खाल्ले नाहीत, तर तिच्या दिवसभराच्या तयारीवर पाणी पडते. मधुमेह असेल तर बिनसाखरेचा मागावा, पण कप हातात घ्यावा. "काय करून राहिले काकाजी?" एवढ्याने बोलणे सुरू होते. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली गेली तर तिसऱ्यांदा ऐकावी. ती वाढत असेल, बदलत असेल, तर त्यात नवे कळते. नावे गळू लागली, तारखा घसरू लागल्या, तर ते मनात टिपून घरच्यांच्या कानावर घालावे, कारण स्मृतिभ्रंशाची सुरुवात आठवड्याने येणाऱ्याला आधी जाणवते.

उन्हाळा हा या सेवेच्या कसोटीचा काळ. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. म्हातारपणी तहान कमी लागते, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातले पाणी आणखी घटते, आणि कूलरच्या टाकीत बादलीने पाणी भरणे ऐंशीच्या बाईला झेपत नाही. ती कूलर कोरडाच चालवते आणि गरम वारा अंगावर घेते. अशा वेळी गप्पा मारायला आलेल्याने बादली उचलावी. त्याआधी प्लग काढावा. कूलरच्या ओल्या पत्र्याचा शॉक लागून विदर्भात दर उन्हाळ्यात जीव जातात. या दिवसांत भेट सकाळी दहाच्या आत किंवा दिवस कलल्यावर असावी, आणि मधल्या दिवसांत एक फोन.

नोव्हेंबरमध्ये पेन्शन चालू राहण्यासाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याची काळजी सुरू होते. ऐंशी ओलांडलेल्या केंद्रीय पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. २०१४ पासून तो डिजिटलही देता येतो, पण झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही आणि आजोबा हवालदिल होतात. मोबाइलवरून चेहरा टिपूनही दाखला देता येतो, हे दाखवून देणारी नात परगावी असते. इथे स्वयंसेवकाने मदत जरूर करावी, पण ओटीपी, एटीएमचा पिन आणि पासबुक यांपासून चार हात दूर राहून. पैसे उसने देऊ नयेत, घेऊ नयेत. मृत्युपत्रावर साक्षीदार होऊ नये. गोळ्यांचे डोस बदलू नयेत. आणि फोटो काढू नयेत. वृद्धाच्या खांद्यावर हात टाकून काढलेला फोटो समाजमाध्यमांवर टाकला की त्याच्या घरात तो एकटा असतो हे साऱ्या गावाला कळते, आणि त्याची लाजही जाते.

मारहाण, उपासमार किंवा घर लिहून देण्यासाठी दडपण दिसले तर गप्प बसू नये. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७, तातडीला ११२, आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६. निर्वाहाचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे चालतो.

परिणाम आणि मर्यादा

माणसांशी घट्ट नाती असणाऱ्यांची जगण्याची शक्यता अधिक असते, हे २०१० मध्ये १४८ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहांपैकी एक जण एकाकी आहे. स्वयंसेवकांच्या भेटींपुरते पाहिले, तर त्यांनी नैराश्य थोडे कमी होते, फार नाही. गेलेल्या जोडीदाराची जागा बुधवारचा तास भरून काढत नाही. पण त्या तासासाठी आजोबा दाढी करतात, स्वच्छ बंडी घालतात, काय सांगायचे ते सकाळी आठवून ठेवतात, आणि हे कोणत्याही मोजमापात येत नाही.

सर्वांत जास्त इजा भेट अचानक बंद पडल्याने होते. विद्यार्थ्याची परीक्षा येते, तो नोकरीसाठी पुण्याजवळच्या हिंजवडीला जातो, आणि आजी पुढचे कित्येक बुधवार फाटकाकडे बघत राहते. आपले काय चुकले, असे तिला वाटते. म्हणून ज्याला वर्षभर यायचे जमणार नाही त्याने सुरूच करू नये. जायचेच झाले तर महिनाभर आधी सांगावे, नव्या माणसाला दोन-तीनदा बरोबर घेऊन यावे आणि नंतरही सणावाराला फोन करावा. विद्यार्थ्यांच्या भरवशावर चालणाऱ्या मंडळांनी हे हस्तांतर परीक्षेच्या आधी, फेब्रुवारीतच उरकावे, म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात एकही घर सुटत नाही.