वापरनोंद आणि आपोआप माहितीशोध (खानदेशाच्या संदर्भात)

वापरनोंद आणि आपोआप माहितीशोध : संगणकावर बसलेला माणूस काय लिहितो, काय वाचतो, कोणती फाईल उघडतो आणि कोणत्या पानावर किती वेळ थांबतो याची सतत नोंद ठेवायची, आणि त्या नोंदीवरून, त्याने काही विचारलेले नसताना, हातातल्या कामाशी संबंधित जुनी पत्रे, टिपणे, मेल किंवा संकेतस्थळे त्याच्यापुढे आणून ठेवायची, अशी ही संगणकशास्त्रातील पद्धत आहे. नेहमीच्या शोधात शब्द आपण टाकतो आणि यंत्र उत्तरे देते. इथे शब्दही यंत्रच निवडते, आणि ते निवडता यावेत म्हणून त्याला वापरनोंद लागते. त्यामुळे नोंद आणि शोध ही या पद्धतीची दोन अंगे वेगळी काढता येत नाहीत.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांत या पद्धतीचा विचार वेगळा करावा लागतो. प्रमाण मराठीबरोबर अहिराणी, लेवा गणबोली, भिल्ली बोली, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी यांची इथे रोजच्या व्यवहारात सरमिसळ असते. शिवाय गावाकडे संगणक हे बहुधा एका माणसाचे यंत्र नसते. दाखले, उतारे आणि अर्ज काढून देणाऱ्या सेवा केंद्रातल्या एकाच यंत्रावर अख्ख्या गावाची कामे होतात.

पूर्वेतिहास : या कल्पनेचे मूळ संगणकाआधीचे आहे. अमेरिकन अभियंते व्हॅनेव्हर बुश यांनी जुलै १९४५ मध्ये ‘द अटलांटिक’ मासिकातील लेखात ‘मेमेक्स’ नावाच्या टेबलाची कल्पना मांडली. माणसाची सगळी पुस्तके आणि पत्रे सूक्ष्मफितीवर त्या टेबलात साठवायची आणि वाचताना एका कागदावरून दुसऱ्यावर तो कसा गेला ती वाटही जपायची, असा तो विचार होता. यंत्र प्रत्यक्षात बनले नाही, पण माहितीइतकीच माहितीपर्यंत पोहोचण्याची वाटही जपण्याजोगी असते, हा मुद्दा पुढच्या सगळ्या प्रयोगांना पुरला.

१९९४ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या इंग्लंडमधील केंब्रिज येथील प्रयोगशाळेने ‘फर्गेट-मी-नॉट’ हे खिशातले स्मरणयंत्र मांडले. १९९५ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या तंत्रसंस्थेतील हेन्री लिबरमन यांचा ‘लेटिझिया’ हा कार्यक्रम आला. माणूस एक वेबपान वाचत असताना हा कार्यक्रम त्या पानावरचे दुवे पुढे जाऊन तपासून ठेवत असे. त्यानंतरच्या वर्षी एमआयटी मीडिया लॅबमधील ब्रॅडली ऱ्होड्स आणि थॅड स्टार्नर यांनी ‘रिमेंब्रन्स एजंट’ सादर केला. या पद्धतीचा नमुना म्हणून आजही त्याचेच नाव घ्यावे लागते. इमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या कार्यक्रमात काम चालू असताना पडद्याच्या तळाशी मोजक्याच ओळी दिसत आणि दर काही सेकंदांनी त्या बदलत. प्रत्येक ओळ म्हणजे लिहिणाऱ्याच्याच जुन्या मेल-टिपणांपैकी एक कागद असे. नको असेल तर नजर न वळवता काम चालू ठेवावे, हवा असेल तर तो कागद उघडावा. आधी एक ओळ, रस दाखवला तर थोडा तपशील, त्यानंतर पूर्ण कागद, या पायरीपायरीच्या मांडणीवर ऱ्होड्स यांचा भर होता आणि तो अगदी योग्य होता.

तो का योग्य होता हे मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस ९७’मधल्या मदतनीस क्लिपने, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या कागद अडकवण्याच्या क्लिपच्या चित्राने, दाखवून दिले. तीही वापरणाऱ्याच्या हालचालींवरून अंदाज बांधत असे, पण कडेला थांबण्याऐवजी मध्येच येऊन बोलत असे. लोक वैतागले; २००१ च्या आवृत्तीत ती मुळातच बंद ठेवण्यात आली आणि २००७ च्या आवृत्तीत उरली नाही. तिच्यामागचे संशोधन कच्चे नव्हते. काम करणाऱ्याचे लक्ष मोलाचे असते, एवढी गोष्ट तिच्या मांडणीत सुटली.

पुढे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ‘वॉटसन’, मायक्रोसॉफ्टमध्ये गॉर्डन बेल यांचा ‘मायलाइफबिट्स’ आणि सुसान ड्युमे व सहकाऱ्यांचे ‘स्टफ आय हॅव सीन’ (२००३), तर मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात नॅट फ्रिडमन यांचा ‘डॅशबोर्ड’ (२००३) असे प्रयोग झाले.

कार्यपद्धती : नोंद घेणारा भाग पार्श्वभूमीला चालतो. चालू खिडकीचे शीर्षक, फाईलचे नाव, टंकलेला मजकूर, कॉपी-पेस्ट आणि वेळ या गोष्टी तो टिपतो. काही प्रणाली थेट पडद्याचे छायाचित्र घेऊन त्यातली अक्षरे ओळखतात. या मजकुरातून कामाचे शब्द निवडले जातात. निवडीचा पाया कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये घातला : जो शब्द संग्रहातल्या बहुतेक कागदांत येतो त्याचे वजन कमी, जो मोजक्या कागदांत येतो त्याचे जास्त. कोकणातल्या एखाद्या कार्यालयात ‘केळी’ हा शब्द पुरेसा खुणेचा ठरेल. रावेर-यावल पट्ट्यातल्या कृषी सेवा केंद्राच्या संगणकात मात्र तो प्रत्येक कागदावर असणार, म्हणून शोधाला त्याचा काही उपयोग नाही. तिथे ‘निसवण’ (केळीचा घड बाहेर पडणे), ‘करपा’, ‘कंद’ या शब्दांना वजन येते.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. खानदेशात केळीच्या लागवडीचे दोन मुख्य हंगाम मानतात : मृगबाग आणि कांदेबाग. मृगबाग पावसाळ्याच्या सुरुवातीला लावतात, कांदेबाग पावसाळा सरताना. कांदेबाग म्हणजे कांद्याचे पीक नव्हे. आता एखाद्या कृषी सहायकाने ‘कांदेबागेत करपा वाढला आहे, पाने कापून बागेबाहेर काढावीत’ असे टिपण लिहायला घेतले, असे समजा. ज्या यंत्राकडे फक्त शब्दकोश आहे ते ‘कांदे’ आणि ‘करपा’ हे शब्द धरून कांद्यावरच्या करप्याची फवारणी दाखवील, कारण करपा कांद्यावरही येतो आणि त्यावरचे लेखन मुबलक आहे. केळीवरचा करपा, म्हणजे सिगाटोका, हा वेगळ्या बुरशीचा वेगळा रोग आहे. त्यामुळे चुकलेला सल्ला नुसता निरुपयोगी नसून नुकसान करणारा ठरू शकतो.

याउलट, ज्या यंत्राकडे त्या सहायकाची वापरनोंद आहे त्याला दिसते की सकाळपासून त्याने टिश्यू कल्चर रोपांचा तक्ता उघडला, ठिबकच्या खतमात्रा पाहिल्या, जळगावच्या केळी संशोधन केंद्राची शिफारस वाचली आणि गेल्या हंगामात ‘कांदेबाग’ शब्द असलेल्या त्याच्या प्रत्येक टिपणात घड आणि बुंधा हेही शब्द होते. एवढ्यावरून कांदेबाग म्हणजे केळी, हे यंत्राला कोणी न शिकवता कळते. स्थानिक बोलीचा अर्थ कोशात नसला तरी बोलणाऱ्याच्या कामात असतोच, आणि या पद्धतीचे खरे बळ इथे आहे. मोठ्या भाषांसाठी ही सोय असेल. खानदेशासारख्या मुलखात, जिथल्या शेतीच्या शब्दांपैकी फार थोडे कुठल्या कोशात नोंदले गेले आहेत, तिथे ती गरज आहे.

भाषा आणि लिपीच्या अडचणी : इंग्रजीसाठी घडवलेली साधने मराठीत जशीच्या तशी चालत नाहीत. ‘कापूस’ या शब्दाला विभक्ती लागली की ‘कापसाला’, ‘कापसाचा’ होते. शेवटचा प्रत्यय तोडला तरी उरलेला तुकडा मूळ शब्दाशी जुळत नाही. सामान्यरूपाचे नियम प्रणालीत घातल्याशिवाय कापसाच्या भावाचे टिपण आणि कापूस खरेदीची पावती एकमेकांना सापडत नाहीत.

अहिराणीत गुंतागुंत आणखी वाढते. शोधप्रणाली ‘आहे’, ‘मला’, ‘माझा’ असे सर्वत्र येणारे शब्द आधीच गाळून टाकतात. अहिराणीतले ‘शे’, ‘माले’, ‘मना’ हे तितकेच नित्याचे शब्द त्या यादीत नसतात. संग्रह मुख्यतः प्रमाण मराठीचा असेल तर ते दुर्मीळ ठरून भलतेच वजनदार होतात. मग अहिराणीत लिहिलेले शेताचे पत्र उघडले की यंत्र अहिराणी लग्नगीतांचा संग्रह समोर ठेवते. दोन्हींत विषय समान नसतो, फक्त ‘शे’ समान असतो. उपाय अवघड नाही. अहिराणीच्या नित्य शब्दांची यादी जाणकारांनी करून द्यायला हवी. अहिराणीचे लेखन एकसारखे झालेले नसल्याने एका शब्दाची दोन-तीन रूपेही त्या यादीत घ्यावी लागतील.

जुन्या फॉन्टची अडचण वेगळीच. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला संकेत देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी कार्यालये, छापखाने आणि वर्तमानपत्रे कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये मजकूर टंकीत. पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठलेले असतात रोमन संकेत. कृतिदेवात ‘राम’ लिहिले की फाईलमध्ये जे, के, ई ही तीन रोमन अक्षरे राहतात. फाईलचा मजकूर वाचणाऱ्या प्रणालीला असे हजारो कागद डोळ्यांसमोर असूनही सापडत नाहीत. पडद्याचे चित्र घेऊन अक्षरे ओळखणारी प्रणाली इथे सरस ठरते, कारण ती दिसते ते वाचते. टेसरॅक्ट या मुक्त अक्षरओळख प्रणालीत मराठीची सोय आहे.

मोडी कागदांना एवढेही पुरत नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जमवलेली साधने आहेत, तर समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी गोळा केलेली रामदासी हस्तलिखिते आहेत. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, पण कागदाचे नुसते छायाचित्र म्हणजे शोधता येणारा मजकूर नव्हे. लिप्यंतर झालेले कागद जेवढे वाढतील तेवढी या पद्धतीची मदत संशोधकाला होईल. एखाद्या परगण्याच्या वसुलीवर लिहिताना त्याच परगण्याचा, वर्षभरापूर्वी ओझरता पाहिलेला कागद आपोआप कडेला येणे ही इतिहास लिहिणाऱ्यासाठी मोठीच गोष्ट आहे. राजवाडे आयुष्यभर गावोगाव फिरून टिपणे काढत राहिले; ज्याची टिपणे अशी साठत जातात त्यालाच आठवणीच्या यंत्राची किंमत कळते.

रिकॉल आणि वाद : २० मे २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी ‘रिकॉल’ ही सुविधा जाहीर केली. ती दर काही सेकंदांनी पडद्याचे छायाचित्र घेते, त्यातला मजकूर ओळखते आणि आधी पाहिलेली गोष्ट साध्या भाषेत विचारून शोधू देते. प्रक्रिया यंत्रावरच होते. त्यासाठी सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया करणारा खास प्रक्रियक (प्रोसेसर) आणि १६ जीबी स्मृती लागते. सुरुवातीच्या आवृत्तीत हा साठा साध्या डेटाबेसमध्ये राहतो आणि यंत्रात शिरलेल्या कार्यक्रमाला वाचता येतो, हे सुरक्षा अभ्यासकांनी दाखवून दिल्यावर जून २०२४ मध्ये कंपनीने ती रोखून धरली. नंतर साठा कूटबद्ध करणे, उघडताना चेहरा वा बोटाची ओळख मागणे आणि वापरणाऱ्याने स्वतः सुरू केल्याशिवाय सुविधा चालू न होणे, असे बदल करून एप्रिल २०२५ मध्ये ती खुली झाली. त्या वेळी ज्या भाषांसाठी तिची जुळणी केलेली होती त्यांत इंग्रजी, चिनी, फ्रेंच, जर्मन, जपानी आणि स्पॅनिश होत्या, मराठी नव्हती. मे २०२५ मध्ये ‘सिग्नल’ या संदेश पाठवण्याच्या ॲपने आपल्या विंडोज आवृत्तीत संदेशांची खिडकी अशा छायाचित्रांत येणार नाही, अशी सोय केली.

खासगीपण : ज्याची नोंद त्याच्याच ताब्यात, हे तत्त्व एकट्याच्या यंत्रावर पाळता येते. सेवा केंद्रावर ते मोडते. तिथल्या पडद्यावर दिवसभर लोकांची आधार कार्डे, सात-बारा उतारे, बँक पासबुके, जातीचे दाखले आणि पीकविम्याचे अर्ज उघडतात. यंत्राचा वापरकर्ता एक, पण माहिती शेकडोंची, आणि यांपैकी कोणालाही आपला कागद छायाचित्रात साठतो आहे हे माहीत नसते. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. आपली ओळख संगणकाच्या हवाली करण्याचा अनुभव या मुलखाला देशात सर्वांत आधी आला. तेव्हा इथल्या माणसाला त्या ओळखीचे पुढे काय होते हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि तो बोलीत विचारला तरी उत्तर मिळाले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेली प्रक्रिया या अधिनियमातून वगळली आहे. म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवलेली वापरनोंद अधिनियमाबाहेर राहते. केंद्रचालकाने गिऱ्हाइकांच्या कागदांची, नकळत का होईना, ठेवलेली नोंद घरगुती म्हणता येणार नाही.

कर्मचाऱ्यावर नजर ठेवण्यासाठी मालकाने बसवलेली नोंदप्रणाली तांत्रिकदृष्ट्या यासारखीच दिसते, पण तिचा हेतू उलटा असतो : तिथे नोंद एकाची आणि लाभ दुसऱ्याचा. म्हणून या लेखात तिचा विचार केलेला नाही.

सामायिक यंत्रावर पाळायची पथ्ये साधी आहेत. लोकांच्या कामासाठी वेगळे खाते ठेवून त्यात वापरनोंद पूर्ण बंद करावी. चालकाच्या स्वतःच्या अभ्यासाचे खाते निराळे असावे. ब्राउझरची खासगी खिडकी रिकॉलसारख्या प्रणाली नोंदीतून वगळतात, पण त्या खिडकीतून उतरवलेली पीडीएफ डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहते आणि शोधासाठीच्या अनुक्रमणीत येते. गिऱ्हाइकाला प्रत छापून दिली की ती फाईल त्याच वेळी पुसावी, आणि त्यानंतर रिसायकल बिनही रिकामे करावे.