बीट आंदोलक, घरगुती

बीट आंदोलक, घरगुती : मोर्स संकेत व एस.एस.बी. (वाहक तरंग गाळून एकच पार्श्वपट्टा पाठविणारे) संभाषण कळेल असे ऐकू यावे म्हणून जुन्या रेडिओलगत बसवायचे छोटे आंदोलक (ऑसिलेटर) मंडल. हौशी रेडिओ मंडळींत ‘बी.एफ.ओ.’ (बीट फ्रीक्वेन्सी ऑसिलेटर) हेच नाव रूढ आहे. जवळजवळच्या दोन कंप्रता (फ्रीक्वेन्सी) मिसळल्या की त्यांच्या फरकाइतक्या कंप्रतेचा स्वर निघतो, हे त्याचे तत्त्व.

तत्त्वाचे श्रेय सामान्यतः रेडिओ संशोधक आर. ए. फेसेंडेन यांना देतात. त्यांचा पेटंट अर्ज १९०१ चा. मात्र ग्राहीत (रेडिओ सेटात) बसेल असा स्थिर आंदोलक तेव्हा नव्हता. तो पुढे व्हॉल्व्हने (निर्वात नळीने) दिला, आणि वादाला तोंड फुटले ते तिथे. पुनर्भरणाने (बाहेर पडणाऱ्या संकेताचा अंश पुन्हा आत दिल्याने) व्हॉल्व्ह आंदोलित होतो हे आपल्याला ऑगस्ट १९१२ मध्येच आढळले, असा अमेरिकी संशोधक ली डी फॉरेस्ट यांचा दावा. ई. एच. आर्मस्ट्राँग यांचे काम त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या सुमाराचे धरतात, जर्मनीत ए. माइसनर साधारण १९१३ मध्ये तेथवर पोहोचले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३४ मध्ये डी फॉरेस्ट यांच्या बाजूने कौल दिला. तथापि डी फॉरेस्ट यांच्या वहीत नोंद सापडणे आणि नोंदलेल्या गोष्टीचा अर्थ उमगलेला असणे यांत अंतर आहे. रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने आर्मस्ट्राँग यांना याच कामाबद्दल दिलेले पदक निकालानंतरही परत घेतले नाही, हे लक्षणीय.

बहुतेक सुपरहेट सेटांची (येणारा संकेत आधी एका ठरावीक कंप्रतेवर आणणाऱ्या रेडिओंची) ती ठरावीक मध्य कंप्रता ४५५ किलोहर्ट्‌झच्या आसपास असते. मोडीतल्या ट्रान्झिस्टर रेडिओची आय.एफ.टी. (मध्य कंप्रतेचा ट्रान्सफॉर्मर), एक बी.सी. ५४८ ट्रान्झिस्टर, दोन-चार रोधक व धारित्रे आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढ्यावर काम भागते. मंडल चालू झाले का, हे रेडिओच सांगतो : मीडियम वेव्हवर काटा ९१० वर, म्हणजे ४५५ च्या दुपटीवर, नेला की शिट्टी येते आणि आय.एफ.टी.ची कोअर (आतला गाभा) फिरवली की तिचा स्वर चढतो-उतरतो. आंदोलकाची आवरण असलेली वायर सेटच्या शेवटच्या आय.एफ.टी.जवळ नुसती ठेवावी, टाका मारू नये. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी/डीसी सेटची चॅसी थेट मेन्सला जोडलेली असते. म्हणून एलिमिनेटरऐवजी बॅटरीच बरी. संकेतापेक्षा आंदोलकाचा जोर अधिक लागतो. तो कमी पडून बोलणे घोगरे येऊ लागले, तर एरियल तोकडी करावी. व्हॉल्व्ह तापेपर्यंत स्वर सरकत राहणारच.

नाशिकहून ऐकण्यास ४० मीटरचा पट्टा, म्हणजे ७ ते ७.२ मेगाहर्ट्‌झ, सोयीचा; डायलवर तो ४१ मीटरच्या खुणेलगत सापडतो. दिवसा हे तरंग जवळजवळ सरळ वर जाऊन आयनांबरातून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून) परततात, त्यामुळे मुंबईचे हौशी केंद्र ऐकताना कसाऱ्याचा घाट आड येत नाही. येथे खालचा पार्श्वपट्टा वापरण्याचा प्रघात आहे. सेटचा स्थानिक आंदोलक (मध्य कंप्रता घडविणारा सेटमधला आंदोलक) संकेताच्या वरच्या कंप्रतेवर चालत असल्यास हा पट्टा मध्य कंप्रतेत उलटतो, तेव्हा बी.एफ.ओ. मध्यापासून सुमारे १.५ किलोहर्ट्‌झ खाली लावतात. प्रत्यक्षात कानानेच जुळवतात. प्रक्षेपणासाठी मात्र केंद्र सरकारचा हौशी रेडिओ परवाना लागतो.